एवुरामाला सांगून आलेली शाळा

सॉल्टपाँड
२ फेब्रुवारी

मान्सा,

पत्र पाहून दचकू नकोस. घरात कोणी गेलेलं नाही. फीफी मामा ब्याऐंशीचे झाले, तरी रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन कोळ्यांना जाळं कसं ओढावं ते शिकवतात आणि कोळी त्यांना शिव्या देतात. म्हणजे सगळं ठीक आहे.

काम आहे म्हणून लिहिते. फोनवर बोलायला लागलं की आपलं भांडण होतं, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. अंगठ्यांनी पत्र लिहिणं मला जमत नाही आणि जमवायचंही नाही.

एवुरामाला तुझ्या माऊन गावातली एक शाळा सांगून आली आहे. मोरुला हिल असं नाव. गणित शिकवायचं, दोन वर्षांचा करार, राहायला खोली. कराराचा कागद आला आहे आणि महिनाअखेर सही करून पाठवायचा आहे. सही केली की देश सोडायचा आणि इथल्या सरकारी नोकरीचा राजीनामा. ती नोकरी पुन्हा मिळत नाही, हे तुला ठाऊक आहे.

मी पोरीला म्हटलं, "न पाहिलेल्या माणसांच्या कागदावर सही करायला निघालीस?"

"आई, मी शाळा व्हिडिओवर पाहिली."

"व्हिडिओवर मीसुद्धा पंचेचाळिशीची दिसते."

गेल्या वर्षी मांकेसिमची एक मुलगी शिक्षिका म्हणून आखातात गेली. कागद असाच गुळगुळीत होता. विमानतळावर उतरताच पासपोर्ट काढून घेतला आणि तिला कोणाच्या तरी घरी पोरं सांभाळायला बसवलं. मोठ्या मुश्किलीनं परत आली. चांगली गाणारी मुलगी होती, आता चर्चमध्येसुद्धा तोंड उघडत नाही. मी माझी मुलगी तशी परत घेणार नाही.

आपल्यात मुलगी द्यायची असेल तर काय करतात? मामा त्या गावी जातो, पामतेल घ्यायला गेल्यासारखा. कशाला आलो ते सांगत नाही. घरच्यांना काही विचारत नाही, शेजाऱ्यांना विचारतो. घरात चोरीचा डाग आहे का, भांडणं किती, सुना माहेरी येतात तेव्हा पुन्हा सासरी जायला तयार असतात का. तुझ्या वेळी कोणी गेलं नाही, कारण तू कोणाला जाऊ दिलं नाहीस. कुमासीला शिकायला आलेल्या मोथुसींबरोबर कचेरीत सह्या करून मोकळी झालीस. मी जुनं उकरत नाही. ही चौकशी कशी करतात हे तू ऐकलेलं असेल, एवढंच म्हणते.

तर त्या शाळेत जा. न कळवता जा. मुख्याध्यापिकेच्या खोलीतला गालिचा पाहू नकोस, शिक्षकांचा संडास पाहा. भिंतीवरची चित्रं पाहुण्यांसाठी असतात. मधल्या सुट्टीत शिक्षक एकमेकांशी बोलतात की भिंतीकडे तोंड करून डबा खातात, ते पाहा. नोकरी सोडून गेलेला एखादा शिक्षक शोध. नांदती बाई सासरची गाणी गाते, खरं काय ते सोडून आलेली सांगते. आणि कराराचं नववं कलम मला रुतलं आहे: "शिक्षकाचा पासपोर्ट संस्थेच्या कार्यालयात सुरक्षित ठेवला जाईल." कोणापासून सुरक्षित? हे त्यांना विचार. उत्तरापेक्षा, विचारल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो ते मला लिही.

एवुरामानं जावं की न जावं, याबद्दल माझं काही मत नाही.

मोथुसींना नमस्कार सांग.

अराबा


सॉल्टपाँड
१० फेब्रुवारी

मान्सा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी कामाच्या आणि बाकी टोमणे. "ताई, तुझी शिक्षकी सुटली पण तपासणी सुटली नाही" हे वाक्य तू दोनदा लिहिलं आहेस. एकदा पुरे होतं.

नातू नसताना नातवाचं नाव घालायला गेलीस, हे मला पसंत नाही. त्यातून त्याला नाव दिलंस, वय दिलंस, आणि त्याला शेंगदाण्यानं अंगावर उठतं असंही सांगितलंस. आता त्या बाई त्या पोराची वाट पाहत असतील.

बाकी वाचून मी गोंधळले आहे. तू गेलीस तेव्हा मुख्याध्यापिका लेसेगोबाई खोलीत नव्हत्या. भाजीच्या वाफ्यात शिरलेल्या गाढवाला हाकलत होत्या, आणि तू कोण हे न विचारता त्यांनी तुझ्या हातात काठी दिली. भिंतींचा रंग उडाला आहे. वाचनालय म्हणजे मालवाहू जहाजाचा जुना लोखंडी डबा. व्हिडिओत यातलं काही नव्हतं. पण शिक्षकांचा संडास स्वच्छ, आतून कडी लागते, आणि मधल्या सुट्टीत सगळे शिक्षक कुठल्याशा फुटबॉलच्या सामन्यावरून एकमेकांवर ओरडत होते. हे चांगलं. जिथे धाक असतो तिथे फुटबॉलवरूनसुद्धा कोणी ओरडत नाही.

नवव्या कलमाचं मात्र काय समजायचं? बाईंनी कलम दोनदा वाचलं, चष्मा काढला, "हे विश्वस्तांपुढे ठेवावं लागेल" म्हणाल्या, आणि तेव्हापासून गप्प. सोडून गेलेल्या शिक्षकांची नावं तू मागितलीस तर तीही दिली नाहीत. "त्यांचा पत्ता मी परस्पर कसा देऊ? मी त्यांना विचारते, त्यांना वाटलं तर ते स्वतः भेटतील." तुला हे सभ्यपणाचं वाटलं. मला ही पळवाट वाटते. ज्या घरची सून दाखवत नाहीत, त्या घरी सून कोंडलेली असते.

इथे एवुरामा माझ्याशी धड बोलत नाही. "मावशीला हेर केलंस! त्यांना कळलं तर काय म्हणतील?" म्हणते. मी म्हटलं, चांगली माणसं असतील तर म्हणतील, या मुलीला आई आहे.

पुन्हा जा. नातू आजारी आहे म्हणून सांग.

अराबा


सॉल्टपाँड
१७ फेब्रुवारी

मान्सा,

विश्वस्तांचं उत्तर नाही असं लिहितेस. इथे दुसरंच प्रकरण उभं राहिलं आहे.

शुक्रवारी आपल्या गल्लीत एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, उन्हातान्हात पॉलिश केलेले बूट. एकुबा कोपऱ्यावर आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे डोक्कोनू विकते तिथे बसले. तीन विकत घेतले, एकच खाल्ला, तोही तास लावून. आणि खाता खाता एवुरामाविषयी विचारलं. मुलगी कोणाची, स्वभाव कसा, राग येतो का, शेजाऱ्यांशी कशी वागते.

एकुबा धावत माझ्याकडे. हाताला पीठ तसंच.

"अराबाबाई, स्थळ आलं! चौकशीला माणूस पाठवलाय!"

"कोणाकडून?"

"ते कधी सांगतात का? पण बूट बघा त्याचे! घर चांगलं असणार."

"बूट पायात असतात, एकुबा. घर डोक्यात असतं."

"तुम्ही असंच म्हणत राहा, पोरगी तिशीला टेकली."

अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला कळलं. एवुरामाची स्तुती करायला रांग लागली. ज्या शिंप्याशी तिचं ब्लाउजवरून वर्षभर भांडण आहे, तोसुद्धा त्या गृहस्थांना सांगून आला की मुलगी म्हणजे मध आहे. शेवटी मीच त्यांना ओसरीवर बोलावलं आणि पाणी दिलं. रीतीप्रमाणे त्यांनी कशाला आलो ते सांगितलं नाही आणि मी ओळखलं असं दाखवलं नाही. पाऊसपाण्याच्या गोष्टी केल्या. मग त्यांनी मुलीचा विषय काढला, आणि जे खरं आहे ते मी सांगितलं. ते पुन्हा येतील असं मला वाटत नाही.

आता "ताई, तू काय केलंस?" असं विचारू नकोस. कुठल्या घरचे, काय करतात, काही ठाऊक नाही. आणि पोरीच्या डोक्यात सध्या माऊन आहे. रात्री नकाशा उघडून बसते. तिनं जावंच असं मी म्हणत नाही. वाटेत कोणी आडवं येऊ नये, इतकंच.

त्या शाळेला जरा हलव. महिना संपत आला.

अराबा


सॉल्टपाँड
२२ फेब्रुवारी

मान्सा,

हे पत्र मिळताच शाळेत जा. नातवाचं नाटक आता पुरे, स्वतःच्या नावानं जा.

काल एवुरामाला लेसेगोबाईंचं पत्र आलं. लिहितात: "तुमच्या मावशींनी आमच्या माजी शिक्षकांविषयी विचारलं होतं. त्यांच्यापैकी श्री. तविया सध्या तुमच्याच भागात, विन्नेबाला असतात. आम्हीही त्यांना तुमच्याविषयी चौकशी करायला सांगितली होती. ते तुमच्या गावी जाऊन आले. त्यांचा अहवाल मिळाला आहे. तो आणि नववं कलम, दोन्ही सोमवारी विश्वस्तांपुढे ठेवत आहे."

पोरीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मग वर पाहिलं.

"आई, आपल्याकडे कोण आलं होतं?"

मी ओसरी झाडायला घेतली.

"पॉलिशचे बूट?"

"हो."

"म्हणजे ते स्थळ नव्हतं."

"शाळाच होती."

"काय सांगितलंस तू त्यांना? आई? काय काय सांगितलंस?"

तुलाही सांगते, कारण तुला ते शाळेत जाऊन निस्तरायचं आहे. मला ते स्थळ पळवून लावायचं होतं. म्हणून मी ओसरीवर बसून पोटच्या पोरीचे दोष सांगितले. तिच्या हातचं कालवण कुत्रं हुंगतं आणि पुढे जातं. का करायचं ते सांगितल्याशिवाय ती कुणाचं काही ऐकत नाही, माझंसुद्धा. पहिल्या शाळेत पोरांच्या जेवणातला तांदूळ मुख्याध्यापकांच्या घरी जात होता, तर ती भरसभेत उभी राहून म्हणाली, "सर, पोती मोजू या का?" त्यावर तिची बदली झाली, तरी नव्या शाळेतही तोंड मिटलं नाही. मासळीच्या हंगामात मुली शाळेत येत नाहीत म्हणून ही बाई किनाऱ्यावर जाऊन होडीच्या सावलीत त्यांना अपूर्णांक शिकवते, आणि घरी येते तेव्हा तिच्या अंगाला हेरिंग मासळीचा वास येतो. मी म्हटलं, "ही नवऱ्याची नाही, घराची नाही, ही फक्त फळ्याची."

त्यांनी एकच प्रश्न उलट विचारला. "मुलांवर हात उगारते का?"

मी म्हटलं, "मुलांवर नाही. वेळ आली तर मोठ्यांवर उगारेल."

ते उठले, पाण्याबद्दल आभार मानले आणि गेले. मला वाटलं, फत्ते झाली.

एवुरामा सगळं ऐकून खाली जमिनीवर बसली. मला वाटलं रडते आहे. हसत होती. पण हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, "दोन वर्षांत मला पहिल्यांदा काही मनापासून हवं होतं गं." मग उठून वह्या तपासायला गेली.

मान्सा, लेसेगोबाईंना सांग, ती आई मूर्ख आहे. सांग की ती खोटं बोलली. नाही, खोटं काही नव्हतं, कालवणसुद्धा नाही. सांग की ती चुकीच्या माणसाशी बोलत होती. तुला सुचेल ते सांग. तुला बोलता येतं. मला तेवढं कधी आलं नाही.

अराबा


सॉल्टपाँड
२६ फेब्रुवारी

मान्सा,

तू शाळेत पोचायच्या आधीच निकाल लागला होता हे मला आता कळलं. तरी तू त्यांच्या दारात तासभर उभी राहून भाषण केलंस, आणि ते संपेपर्यंत लेसेगोबाईंनी तुला अडवलं नाही. त्या बाई मला आवडू लागल्या आहेत.

काल तविया मास्तर स्वतः आले. तेच बूट. एकुबानं डोक्कोनू पुढे केला पण पैसे घेईना. "आधी सांगा, तुम्ही नवरदेव की मास्तर?" म्हणाली.

मी त्यांना ओसरीवर बसवलं. "तुम्हाला सांगता आलं नाही, कुठून आलात ते?"

"बाई, चौकशीला गेलेला माणूस कशाला आलो ते सांगतो का? माझ्या मामांनी मला तसं शिकवलं नाही. पण तुम्ही तरी विचारायचंत!"

"मुलीच्या आईनं विचारायचं नसतं."

"मग झालं तर," म्हणाले, आणि आम्ही दोघं इतकं हसलो की शिंपी दुकान सोडून बघायला आला.

मग मी हसणं आवरलं. त्यांना म्हटलं, आता माझी पाळी. तुम्ही सोडून आलेले. सांगा.

"का सोडलंत?"

"आई आजारी पडली. एकुलता एक आहे."

"पगार कधी थांबला?"

"एकदा. दुष्काळाच्या साली मुलं गळाली, तेव्हा दोन महिने अर्धाच मिळाला. लेसेगोबाईंनी आधी सगळ्यांना बोलावून सांगितलं आणि पहिला स्वतःचा बंद केला. पुढच्या वर्षी राहिलेला सगळा दिला."

"तुमचं त्यांच्याशी भांडण?"

"दोनदा. एकदा मी बरोबर होतो. बाई हट्टी आहेत. बैठका लांबवतात. खोल्यांची उन्हाळ्यात भट्टी होते. माकडं साबण पळवतात."

हे ऐकून मला बरं वाटलं. ज्या सासरात एकही खोट नाही असं मध्यस्थ सांगतो, त्या मध्यस्थाला मी दारात उभं करत नाही.

"आणि नववं कलम?"

ते गंभीर झाले. "ते माझ्याही करारात होतं. एका जुन्या विश्वस्तांनी कुठून तरी उतरवून घातलेलं. पासपोर्ट कधी कोणी मागितला नाही, म्हणून आम्ही कोणी बोललो नाही. तुमच्या बहिणीनं पहिल्यांदा विचारलं. सोमवारी ते काढलं. फक्त एवुरामाच्या करारातून नाही, सगळ्यांच्या."

नवा कागद त्यांच्याजवळ होता. मी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. नवव्या जागी आता लिहिलं आहे की पासपोर्ट शिक्षकाकडेच राहील.

"माझ्या मुलीचं तुम्ही काय कळवलंत?"

"तुम्ही सांगितलं तेच. शब्द न् शब्द. कालवण गाळलं."

"आणि तरी त्यांना ती हवी?"

"तरी नव्हे, बाई. म्हणूनच. तांदळाची गोष्ट लेसेगोबाईंनी विश्वस्तांना दोनदा वाचून दाखवली. होडीच्या सावलीची तीनदा. एक विश्वस्त म्हणाले, ही बाई आपल्यालाही प्रश्न विचारेल. लेसेगोबाई म्हणाल्या, मग आपण उत्तरं तयार ठेवू."

मान्सा, तिथेच माझी चौकशी संपली. ज्याच्या घरात चोरीचा माल असतो, तो भुंकणारं कुत्रं पाळत नाही. आणि दुसरी गोष्ट मी त्यांना बोलून दाखवली नाही, तुला सांगते. हा माणूस ती शाळा सोडून चार वर्षं झाली. तरी तिच्यासाठी आजारी आईला शेजारणीवर सोपवून, बस बदलत, दोनदा सॉल्टपाँडला आला. घाईत निघालेला दिसत होता, मोज्यांचे रंगसुद्धा वेगळे होते. असा दाखला छापील कागदावर मिळत नाही.

एवुरामा दारामागे उभी होती. सगळं ऐकत होती. मी हाक मारली, "ये बाहेर, तुझ्या सासरची माणसं आली आहेत."

शनिवारी सही. फीफी मामा म्हणतात, लग्नाच्या रीतीनं होईल, बाटली ठेवून, मुलीला तीनदा विचारून. तुला फोनवर घेऊ.

अराबा


सॉल्टपाँड
२८ फेब्रुवारी, शनिवार

मान्सा,

तुझा फोन नेमका नको तिथे तुटला. मामा त्याला पाव तास हलवत बसले, जणू तू आत अडकली आहेस. तुटला तिथून पुढचं लिहिते.

मामांनी जरीचं कापड खांद्यावर घेतलं होतं ते तू पाहिलंस. शाळेच्या बाजूनं तविया मास्तरांनी बाटली पुढे ठेवली तेही पाहिलंस. "ही बाटली शाळेनं पाठवली का?" असं मामांनी विचारलं आणि मास्तर म्हणाले, "शाळेत दारूला बंदी आहे, ही माझी," तेव्हा तू हसत होतीस. मग मामांनी एवुरामाला पहिल्यांदा विचारलं, "मुली, ही माणसं आली आहेत, तू त्यांना ओळखतेस का? त्यांनी आणलेलं आम्ही घ्यावं का?" ती म्हणाली, "घ्यावं." इथे तू गेलीस.

दुसऱ्यांदा विचारलं, "नीट विचार कर. उद्या रडत आलीस तर आम्हाला ही बाटली परत करावी लागेल, आणि ती तोवर शिल्लक नसेल. घ्यावं का?" सगळी गल्ली हसली. ती म्हणाली, "घ्यावं."

तिसऱ्यांदा विचारलं आणि ती गप्प राहिली.

एकुबानं छातीवर हात ठेवला. मास्तर बुटांकडे पाहू लागले. मला काय झालं ते लिहीत नाही.

मग पोरगी मामांच्या पुढ्यात जाऊन बसली. म्हणाली, "आजोबा, मी जाते ते इथे कोणी मला नीट वागवलं नाही म्हणून नाही. हे आईला आधी सांगा. मग घ्या."

मामांनी माझ्याकडे वळून तिचे शब्द जसेच्या तसे मला सांगितले, जणू मी दुसऱ्या गावात बसले होते. मी म्हटलं, "ऐकलं." मामा म्हणाले, "ऐकलं म्हणून चालत नाही. उत्तर दे." मी म्हटलं, "जा, बाई. जा आणि त्यांना प्रश्न विचार."

"घ्या," एवुरामा म्हणाली. मामांनी बाटली घेतली, थोडी पूर्वजांसाठी जमिनीवर ओतली, आणि तिनं सही केली. पोरीची सही माझ्यासारखी आहे हे मला ठाऊक नव्हतं. शिंप्यानं ढोलकं आणलं. किनाऱ्यावरच्या तिच्या मुली ओल्या पायांनी आल्या आणि ओसरीभर वाळू झाली. कोणी झाडली नाही. मीही नाही.

सगळं शांत झाल्यावर मामा बंद पडलेला फोन हातात धरून बसले होते. म्हणाले, "या घरातल्या सगळ्या मुलींना मी तीनदा विचारलं. एकीला विचारायचं राहिलं." मी म्हटलं, तिनं तुम्हाला संधी दिली नाही. ते म्हणाले, "मी तरी कुठे तिच्यामागे गेलो? माऊन काय समुद्राच्या तळाशी आहे?"

म्हणून लिहिते. एवुरामा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात निघेल. तिला न्यायला तू इथे ये. मामांना तुला विचारायचं आहे. फोनवर चालत नाही असं त्यांचं म्हणणं आहे, मुलगी समोर लागते. उत्तर काय द्यायचं ते तुझं तू ठरव, इतक्या वर्षांत मत बनलं असेलच.

मोथुसींना बरोबर आण. त्यांच्याविषयी मी इकडे पुरेशी चौकशी केली आहे. एवुरामाला विमानतळावरून कोण आणणार, असं मी विचारायच्या आधीच त्यांनी गाडीचं चाक बदलून ठेवलं, हे तू टोमण्यांच्या मधे लिहिलं होतंस. माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं.

त्यांना एवढं सांग, की बाटली मुलाकडच्यांनी आणायची असते.

अराबा